कॅनबेरा: आखून वसवलेल्या राजधानीत पाहुण्याने काय पाहावे?

ऑस्ट्रेलियात मुलामुलींकडे राहायला जाणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात. या वेळी त्यांतील बरीचशी पत्रे कॅनबेराविषयी होती. त्यामुळे सगळी जागा त्या एकाच शहराला दिली आहे.

प्रश्न: आमचा मुलगा सिडनीला असतो. आम्ही दोघे येत्या एप्रिलमध्ये दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. देशाची राजधानी पाहावी अशी माझी फार इच्छा आहे. परंतु मुलगा आणि त्याचे मित्र म्हणतात की कॅनबेरात पाहण्यासारखे काही नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, फारच हौस असेल तर सकाळी निघून रात्री परत येऊ. खरोखर जावे का?
– निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर: अवश्य जावे, पण सकाळी जाऊन रात्री परत येण्याचा बेत मात्र करू नये. सिडनी ते कॅनबेरा हे अंतर सुमारे २८५ किलोमीटर आहे आणि गाडीने किंवा बसने एका बाजूला तीन ते साडेतीन तास लागतात. म्हणजे दिवसातले सात तास रस्त्यात जातात, उरलेल्या वेळात एखादी इमारत आणि एखादा मॉल पाहून होतो, आणि मग घरी येऊन ‘तिथे काही नाही’ असे सांगितले जाते. किमान दोन रात्री मुक्काम ठेवावा.

रस्त्यावर माणूस दिसत नाही, हे आपल्या मुलाचे निरीक्षण मात्र चुकीचे नाही. त्याची कारणे शहराच्या जन्मात आहेत आणि ती आधी ठाऊक असली तर निराशा होत नाही. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले, तेव्हा राजधानीचा मान सिडनीने मेलबर्नला द्यायचा नाही आणि मेलबर्नने सिडनीला द्यायचा नाही, असा पेच होता. तोडगा राज्यघटनेच्या १२५व्या कलमातच लिहून ठेवला गेला: राजधानी न्यू साउथ वेल्स राज्यात असेल, पण सिडनीपासून निदान १०० मैल दूर असेल, आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नमध्ये भरेल. आज कॅनबेरा आहे ती जागा १९०८ मध्ये ठरली, १२ मार्च १९१३ रोजी शहराचे नाव समारंभपूर्वक जाहीर झाले, आणि संसद तेथे प्रत्यक्ष भरू लागली ती १९२७ मध्ये. बंदर, खाण, देवस्थान, पेठ, राजवाडा यांपैकी कशाच्याही आधाराने हे गाव वाढलेले नाही. मेंढ्यांच्या कुरणांवर, आणि त्याही आधी हजारो वर्षे नन्नवाल लोकांचा वावर असलेल्या खोऱ्यात, सरकारी निर्णयाने ते आखले गेले.

त्यातही पहिली चाळीस वर्षे ते रखडतच वाढले. दोन महायुद्धे आणि मधली जागतिक मंदी यांमुळे पैसा नव्हता, आणि मेलबर्नमधील सरकारी कर्मचाऱ्यांना तिकडे जाण्याची हौस नव्हती. (त्यातच किंग ओ’मॅली या कट्टर दारूविरोधी मंत्र्यांच्या आग्रहाने राजधानीच्या प्रदेशात १९११ पासून मद्यविक्रीला बंदी होती, लोक हद्दीपलीकडच्या क्वीनबियन गावी जात. संसद आल्यानंतर लवकरच, १९२८ मध्ये, ती बंदी उठली हे सांगायला नकोच.) पंतप्रधान रॉबर्ट मेंझीज यांनी १९५० च्या दशकात मनावर घेतले आणि राजधानी विकासासाठी स्वतंत्र आयोग नेमला, तेव्हा खरे बांधकाम सुरू झाले. त्या काळच्या नियोजकांनी शहर एका जागी दाटू न देता वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळी उपनगरे वसवली, मधल्या टेकड्या मोकळ्या सोडल्या आणि प्रत्येक वस्तीला तिची दुकाने तिच्याजवळच दिली. रस्त्याकडेला जाहिरातींचे मोठे फलक लावता येत नाहीत, घराच्या पुढच्या बाजूला कुंपणभिंत घालता येत नाही. साडेचार लाखांहून अधिक लोक तेथे राहतात. परंतु ते सगळे एका वेळी ज्या रस्त्यावर येतील असा लक्ष्मी रस्ता त्या शहरात ठेवलेलाच नाही. तो शोधत फिरू नये.

एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य हा काळ तर फारच चांगला निवडला आहे. तेव्हा तिकडे शरद ऋतू असतो. टॉमस वेस्टन या उद्यानतज्ज्ञाने सुरुवातीच्या काळात लाखो झाडांची लागवड करवली आणि त्यांत पानगळीची परदेशी झाडे भरपूर होती. त्यामुळे जुन्या उपनगरांतील रस्ते या दिवसांत पिवळे-तांबडे झालेले असतात. समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास पुण्याइतकीच असली तरी थंडीचा अंदाज पुण्यावरून बांधू नये. मेमध्येच रात्रीचे तापमान शून्याजवळ येऊ लागते.

प्रश्न: मी वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चंडीगडची सहल झाली आहे आणि आता नातेवाइकांमुळे कॅनबेराला जाण्याचा योग येतो आहे. शहराची आखणी समजून घ्यायची असेल तर पाहण्याचा क्रम कोणता ठेवावा? चंडीगडशी त्याची तुलना करता येईल का?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: इमारतींच्या आधी टेकडी पाहावी. शहराच्या ईशान्येला ८४३ मीटर उंचीची आइन्सली टेकडी आहे. माथ्यापर्यंत गाडी जाते आणि युद्धस्मारकाच्या मागून चढणारी पायवाटही आहे. माथ्यावर उभे राहून नैऋत्येकडे पाहिले की पायथ्याशी युद्धस्मारकाचा घुमट, तेथून निघणारा लाल खडीच्या पट्ट्याचा अँझॅक परेड हा रुंद रस्ता, मग सरोवर, पलीकडे पांढरे जुने संसद भवन, त्याच्या मागे कॅपिटल हिलवरचे नवे संसद भवन आणि त्याचा ८१ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ, आणि सर्वांत मागे निळसर डोंगररांग असे सगळे एका सरळ रेषेत दिसते. हा भू-अक्ष. शहराचा आराखडा कागदावर पाहून जो उलगडत नाही तो येथे उभ्या उभ्या उलगडतो, कारण रेषेची दोन्ही टोके डोंगरांनी ठरवलेली आहेत. या अक्षाला काटकोनात छेदणारा जल-अक्ष ब्लॅक माउंटन या दुसऱ्या टेकडीपासून सरोवराच्या लांबीने जातो.

हा आराखडा शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन माहोनी ग्रिफिन या दांपत्याचा. १९११ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १३७ प्रवेशिका आल्या आणि १९१२ मध्ये त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. दुसरे फिनलंडच्या एलिएल सारिनेन यांना. तोपर्यंत ग्रिफिन दांपत्यापैकी कोणीही ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. समोच्चरेषांचे नकाशे आणि जागेची चोहोबाजूंची रंगवलेली दृश्ये स्पर्धकांना पाठवली होती, तेवढ्यावर त्यांनी टेकड्यांचा असा उपयोग केला. परीक्षकांसमोर गेलेली अप्रतिम रेखाचित्रे मॅरियनच्या हातची होती. त्या काळी वास्तुविशारदाचा परवाना मिळवलेल्या अगदी मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या, आणि पारितोषिकाचे नाव मात्र पुष्कळ वर्षे एकट्या वॉल्टर यांचेच घेतले गेले. आइन्सलीच्या माथ्यावरील सज्जाला शहराच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये मॅरियनचे नाव देण्यात आले आहे. ही उशिराची परतफेड आहे, पण जागा अचूक निवडलेली आहे.

टेकडीवरून उतरल्यावर सरोवराच्या उत्तर काठावरील रेगाटा पॉइंट येथे राजधानीच्या आखणीचे विनामूल्य प्रदर्शन आहे, ते पाहावे. तेथे आपल्याला विद्यार्थिनी म्हणून सर्वांत उपयोगी पडेल ती गोष्ट म्हणजे मूळ आराखडा आणि प्रत्यक्षातील शहर यांतला फरक. ग्रिफिन यांना कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर दाट, ट्रामने जोडलेली, दुकानांनी गजबजलेली वस्ती हवी होती. आज ज्या शांततेबद्दल सगळे बोलतात ती त्यांच्या चित्रात फारशी नाही. ती नंतरच्या नियोजकांनी आणली. युद्धस्मारकाच्या जागी त्यांनी करमणुकीचे ठिकाण कल्पिले होते. कॅपिटल हिलच्या माथ्यावर त्यांना संसद नको होती, लोकांसाठी एक स्मारकवजा सभागृह हवे होते आणि संसद त्याच्या खालच्या पायरीवर. नोकरशाहीशी वर्षानुवर्षे खटके उडून १९२० च्या अखेरीस ग्रिफिन या कामातून बाहेर पडले. सरोवर तर त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी झाले: मोलोंग्लो नदीवर धरण बांधून १९६४ मध्ये ते भरले आणि त्याला त्यांचे नाव दिले गेले.

त्यांचा मृत्यू झाला तो लखनौमध्ये, १९३७ साली. लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी ते १९३५ मध्ये भारतात आले, येथे पुष्कळ इमारतींची चित्रे काढली आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तेथेच वारले. त्यांची कबर लखनौतच आहे. आपल्याकडील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चंडीगड आखणारे कॉर्बुझिए तोंडपाठ असतात आणि ग्रिफिन यांचे नाव ठाऊक नसते, याचे आश्चर्य वाटते.

आता चंडीगड. तुलना करता येते. परंतु माझ्या मते नवी दिल्लीशी केलेली तुलना अधिक फलदायी ठरेल. दोन्ही शहरे एकाच वेळची आहेत: कॅनबेराची स्पर्धा जाहीर झाली त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्ली दरबारात राजधानी कोलकात्याहून हलवण्याची घोषणा झाली. दोन्हींत लांब अक्ष आहे आणि अक्षाच्या शेवटी टेकडी. रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयचा प्रासाद चढला. कॅनबेराच्या टेकडीवर १९८८ मध्ये रोमाल्डो जिउर्गोला यांनी संसद बांधली, ती टेकडीचा माथा काढून, इमारत आत बसवून, छतावर पुन्हा गवत लावून, जेणेकरून लोकप्रतिनिधींच्या डोक्यावरून सामान्य माणसाला चालता यावे. सुरक्षेच्या कारणाने २०१७ पासून त्या हिरवळीच्या उतारांना कुंपण पडले आहे. गच्चीवर आतून लिफ्टने जाता येते. चंडीगडमध्ये सत्तेच्या इमारती शहराच्या उत्तर टोकाला ठेवल्या आहेत आणि चौकोनी सेक्टर जमिनीवर अंथरले आहेत. कॅनबेरात त्याच इमारती मध्यभागी आहेत आणि भूमिती डोंगरांच्या मागे चालते. ही तुलना आपण वहीत दोन्ही आराखडे शेजारी शेजारी काढून केलीत तर अधिक बरे.

प्रश्न: मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. परदेशी पाहुण्यांना तेथील संसदेत प्रवेश मिळतो का? ओळखपत्र, शिफारसपत्र असे काही लागते का?
– शिक्षिका, नाशिक

उत्तर: शिफारसपत्र लागत नाही. विमानतळासारखी तपासणी होते आणि आपण आत जाता. प्रवेश विनामूल्य आहे, मार्गदर्शकासह होणारी फेरीही विनामूल्य असते. प्रतिनिधी सभागृहाचा हिरवा आणि सिनेटचा तांबडा हे रंग ब्रिटिश संसदेवरून घेतलेले असले तरी त्यांच्या छटा निलगिरीच्या पानांच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मातीच्या आहेत. सदस्यांच्या मधल्या दालनात मॅग्ना कार्टाची १२९७ सालची एक मूळ प्रत ठेवलेली आहे. वर्गात नुसते नाव घेतलेला दस्तऐवज समोर पाहण्याची संधी सोडू नये.

शक्य असेल तर अधिवेशनाच्या दिवसांत जावे. संसदेच्या संकेतस्थळावर वर्षभराचे वेळापत्रक असते. दुपारी दोन वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो आणि प्रेक्षकसज्जात बसून तो पाहता येतो. प्रतिनिधी सभागृहासाठी विनामूल्य तिकीट आधी राखून ठेवावे. पंतप्रधान स्वतः उभे राहून उत्तरे देतात, समोरच्या बाकांवरून सतत शेरेबाजी चालते, आणि फारच गोंधळ घालणाऱ्या सदस्याला अध्यक्ष एका तासासाठी बाहेर पाठवू शकतात. मस्ती करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभे करण्याची पद्धत आपल्याकडे आता मागे पडली आहे. तेथील खासदारांसाठी ती चालू आहे. एक व्यावहारिक सूचना: अधिवेशनाच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि शनिवार-रविवारी उतरतात. इतर पर्यटनस्थळांच्या हे नेमके उलट आहे.

नवे भवन पाहून खाली चालत जुन्या संसद भवनाकडे यावे. १९२७ ते १९८८ संसद तेथे भरत होती, आता तेथे ऑस्ट्रेलियन लोकशाहीचे संग्रहालय आहे. तुमच्या विषयाच्या दृष्टीने मला ते नव्या भवनापेक्षा मोलाचे वाटते. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी प्रतिनिधी सभागृहातील बहुमत शाबूत असलेले गॉफ व्हिट्लम यांचे सरकार बरखास्त केले. सिनेटने अर्थसंकल्पी विधेयके अडवून धरली होती, हे त्यासाठी दिलेले कारण. बरखास्तीनंतरची घोषणा ज्या पायऱ्यांवर वाचली गेली त्या याच इमारतीच्या. नामनिर्देशित घटनात्मक प्रमुखाचे अधिकार कोठवर पोहोचतात, हा वाद महाराष्ट्रातील शिक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्याच इमारतीसमोरच्या हिरवळीवर काही तंबू आणि झेंडे दिसतील. तो ॲबोरिजिनल टेंट एम्बसी म्हणजे आदिवासींचा तंबू-दूतावास आहे. २६ जानेवारी १९७२ रोजी जमिनीच्या हक्कांसाठी चार तरुणांनी तेथे एक छत्री रोवून ठिय्या दिला. ‘आमच्याच भूमीत आम्ही परके, म्हणून आमचाही दूतावास’ अशी त्यामागची भूमिका होती. ते चालू असलेले आंदोलन आहे, देखावा नव्हे. म्हणून छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील माणसांना विचारावे.

प्रश्न: मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. कॅनबेरातील युद्धस्मारकाबद्दल ऐकले आहे. त्यात भारतीय सैनिकांशी संबंधित काही आहे का? किती वेळ लागेल?
– माजी सुभेदार, सातारा

उत्तर: अर्धा दिवस ठेवा, आणि तो दुपारनंतरचा ठेवा. ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल हे एकाच वेळी स्मारक, संग्रहालय आणि अभिलेखागार आहे. पहिल्या महायुद्धात वार्ताहर म्हणून सैन्याबरोबर राहिलेल्या चार्ल्स बीन यांची ही कल्पना, आणि ती प्रत्यक्षात उतरली ११ नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध भरात असताना. मधल्या चौकाच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्यांत काशाच्या पट्ट्यांवर एक लाखाहून अधिक मृतांची नावे आहेत. या नावांपुढे हुद्दा लिहिलेला नाही. आपल्यासारख्या शिस्तीच्या माणसाला ते प्रथम खटकेल कदाचित. परंतु मृत्यूपुढे सर्व सारखे, हे बीन यांच्या पिढीने मुद्दाम ठरवले होते. नातेवाईक आणि पाहुणे नावांशेजारच्या फटींत कागदी खसखशीची लाल फुले खोचून जातात.

भारतीय संबंध आहे. तुर्कस्तानातील १९१५ च्या गॅलिपोली मोहिमेवर ऑस्ट्रेलियाची सारी राष्ट्रीय स्मृती उभी आहे, आणि त्या मोहिमेत भारतीय पायदळ तर होतेच, शिवाय ऑस्ट्रेलियन तळावर उभ्या चढणीवरून पाणी आणि दारूगोळा वाहून नेणारी खेचरांची पथकेही भारतीय होती. स्मारकाच्या छायाचित्रसंग्रहात ती माणसे दिसतात. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे सैनिकांचे गाव आहे तेथील वाचकाला या दालनांत परकेपणा वाटणार नाही, असे मला वाटते.

दिवसाच्या अखेरीस, स्मारक बंद होण्यापूर्वी, ‘लास्ट पोस्ट’चा कार्यक्रम होतो आणि तो रोज होतो. त्या नामावलीतील एकाच व्यक्तीची हकिकत वाचली जाते: गाव कोणते, काम काय करी, कोठे आणि कसा मेला. पुष्पचक्रे वाहिली जातात, बिगुल वाजतो, आणि पाहुणे निघतात. प्रवेशिका विनामूल्य आहे, पण ती संकेतस्थळावर वेळ ठरवून आधी घ्यावी लागते. विस्ताराचे मोठे काम चालू असल्यामुळे काही दालने बंद असू शकतात; जाण्यापूर्वी पाहून घ्यावे. आणि २५ एप्रिलला, म्हणजे गॅलिपोलीच्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या अँझॅक दिनी, आपण तेथे असाल तर पहाटेच्या मानवंदनेला उबदार कपडे घालून जावे.

प्रश्न: भारतातून चोरीला गेलेल्या मूर्ती कॅनबेराच्या कलादालनात होत्या, असे वाचले होते. त्या अजून तेथे आहेत का? असतील तर अशा दालनाला पैसे देऊन भेट द्यावी का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: ज्या मूर्तीबद्दल आपण वाचले ती चोळकालीन काशाची नटराजमूर्ती तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरीला गेली होती. नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने ती न्यूयॉर्कमधील एका विक्रेत्याकडून २००८ मध्ये पन्नास लाखांहून अधिक डॉलर देऊन विकत घेतली. कागदपत्रे बनावट असल्याचे उघड झाल्यावर, सप्टेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी दिल्लीत ती भारताच्या स्वाधीन केली. २०२१ मध्ये याच दालनाने भारतातील आणखी १४ कलाकृती परत करण्याचे जाहीर केले. खरेदी करताना दाखवलेली बेफिकिरी अक्षम्य होती. तरीही, चूक मान्य करून वस्तू परत करण्यात जगातील पुष्कळ अधिक नामांकित संग्रहालये या दालनाच्या मागे आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

कायमस्वरूपी संग्रहासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. आत गेल्यावर ‘ॲबोरिजिनल मेमोरियल’ आधी पाहावे. उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्न्हेम लँडमधील कलावंतांनी रंगवलेल्या पोकळ ओंडक्यांच्या २०० शवपेट्या तेथे उभ्या आहेत. १७८८ ते १९८८ या युरोपीय वसाहतीच्या प्रत्येक वर्षासाठी एक, आपल्या भूमीसाठी लढताना मेलेल्या आदिवासींच्या स्मरणार्थ. ज्यांची नावे युद्धस्मारकाच्या ओवऱ्यांत नाहीत, त्यांचे हे स्मारक आहे. म्हणून दोन्ही ठिकाणे एकाच मुक्कामात पाहावीत. जॅक्सन पोलॉक यांचे ‘ब्लू पोल्स’ हे प्रचंड चित्रही येथेच आहे. १९७३ मध्ये त्यासाठी तेरा लाख डॉलर मोजले गेले, तेव्हा व्हिट्लम सरकारवर उधळपट्टीचा आरोप झाला होता. आज कोणी त्या किमतीबद्दल तक्रार करत नाही.

प्रश्न: दहा आणि सात वर्षांची मुले बरोबर आहेत. संसद, स्मारके यांत ती कंटाळतील. त्यांच्यासाठी काय आहे?
– एक पालक, ठाणे

उत्तर: क्वेस्टाकॉन हे विज्ञानकेंद्र सरोवराकाठी आहे, तिकीट लावून आहे आणि मुलांचा अर्धा दिवस तेथे सहज जातो. एरवी शहराबाहेर नैऋत्येला टिडबिनबिला भागात जावे. तासाभराच्या आतला रस्ता आहे. तेथील अभयारण्यात कांगारू, इमू आणि कोआला दिसतात, आणि जवळच नासाच्या दूर-अवकाश संपर्क जाळ्याचे केंद्र आहे. त्याची ७० मीटर व्यासाची थाळी आपल्या सूर्यमालेबाहेर गेलेल्या व्हॉयेजर-२ यानाला आज्ञा पाठवू शकते, आणि हे काम जगात दुसरी कोणतीही थाळी करू शकत नाही. भारताच्या मंगळयानाशी संपर्क राखण्यातही या जाळ्याची मदत झाली होती, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पहिले पाऊल ठेवतानाची दृश्ये जगाने पाहिली तीही कॅनबेराजवळच्याच हनीसकल क्रीक या केंद्रातून. ते आता बंद आहे. टिडबिनबिलाजवळच्या नासाच्या केंद्रातील अभ्यागत दालनात प्रवेश विनामूल्य आहे.

कांगारूंसाठी खरे तर इतके लांबही जावे लागत नाही. संध्याकाळी आइन्सली किंवा रेड हिलच्या उतारांवर ते चरताना दिसतात. त्यांना खाऊ घालू नये आणि जवळ जाऊ नये.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. बरोबर काय न्यावे, तेथे फिरण्याची सोय काय, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर फुलांचा प्रसिद्ध उत्सव मिळेल का?
– गृहिणी, नागपूर

उत्तर: फुलांचा ‘फ्लोरिएड’ सप्टेंबरच्या मध्यापासून साधारण महिनाभर कॉमनवेल्थ पार्कमध्ये असतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत तो बहुधा संपलेला असतो. हवा मात्र तेव्हा सुखद असते.

खाण्याची अडचण पडणार नाही. भारतीय उपाहारगृहे आणि वाणसामानाची दुकाने वेगवेगळ्या उपनगरांत आहेत, आणि मॉसन येथे विष्णु-शिव मंदिरही आहे. वेळांची काळजी घ्यावी: बरेच कॅफे दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि रात्री नऊनंतर जेवण मिळेलच असे धरून चालू नये. सामानाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे नियम अत्यंत कडक आहेत. पेढे, बर्फी, गुलाबजाम असे दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. सुनेसाठी नागपूरची संत्राबर्फी न्यायची असेल तर तो विचार सोडून द्यावा. बाकी जे काही खाण्याचे असेल ते, अगदी मसाल्याची पुडीसुद्धा, विमानात मिळणाऱ्या प्रवेशपत्रिकेवर लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर ते काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला जबर दंड होतो.

फिरण्यासाठी शहराच्या मध्यापासून उत्तरेला गुंगाहलिनपर्यंत २०१९ पासून ट्रामसारखी हलकी रेल्वे आहे आणि बाकी सर्वत्र बस आहेत, मात्र शनिवार-रविवारी त्यांची वारंवारता बरीच कमी होते. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या इमारतींत प्रत्यक्षात बरेच चालावे लागते. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असेल तर टॅक्सीचा खर्च धरावा. इंग्रजीत छापलेल्या भारतीय परवान्यावर पर्यटकाला गाडी चालवता येते आणि रहदारी आपल्यासारखीच डाव्या बाजूची आहे. फक्त सूर्यास्ताच्या आणि पहाटेच्या सुमारास शहराच्या कडेच्या रस्त्यांवर वेग कमी ठेवावा, कारण कांगारू अचानक आडवे येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात प्राण्याच्या धडकेचे नुकसान धरले आहे की नाही, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.